शाळूचे तास, माळवदाचं घर आणि रंगाची डबी

 

दर वेळी आपण इथं हप्ते, व्याज, शेळीपालन, पापड-शेवया असं बोलतो. आज जरा वेगळा विषय आहे. आज आपण चित्रांबद्दल बोलू. चित्र काढायला माणूस कसा शिकला, आपल्या महाराष्ट्रात ती विद्या कधी आली, कुणाकुणाच्या हाती गेली आणि बायकांपर्यंत पोचायला तिला इतका वेळ का लागला, असा हा इतिहास आहे. इतिहास म्हटल्यावर रेडिओचा आवाज कमी करू नका. याची सुरुवात आपल्या रानातूनच होते.

मंगळवेढ्याचं रान तुम्हाला ठाऊक आहे. काळंभोर आणि सपाट. डोळ्याला अडवणारा डोंगर नाही. शाळू उगवून वीतभर झाला की बांधावर उभं राहून सरळ समोर बघा. तिफणीनं पेरलेले तास एकमेकांपासून सारख्या अंतरावर असतात. पायाशी दीड फूट अंतर असेल तर रानाच्या त्या टोकालाही दीड फूटच असतं. पण डोळ्याला तसं दिसत नाही. तास लांब जातात तसे जवळजवळ येतात, आणि शेवटी आभाळ टेकतं तिथं सगळे एका ठिकाणी मिळाल्यासारखे वाटतात. बांधावर खाली बसलात तर ती आभाळाची रेघ तुमच्याबरोबर खाली येते. माळवदावर चढलात तर वर जाते. ती रेघ नेहमी तुमच्या डोळ्यांच्याच पातळीला असते.

एवढंच ते शास्त्र आहे. शाळेत चित्रकलेचे सर त्याला 'पर्स्पेक्टिव्ह' म्हणायचे, पुस्तकात 'यथार्थदर्शन' म्हणतात. आभाळ टेकतं ती क्षितिजरेषा, आणि तास जिथं मिळतात तो लोपबिंदू. आपण हे जन्मापासून बघत आलो. मग कागदावर ते उतरवायला माणसाला हजारो वर्षं का लागली?

याचं कारण असं की डोळ्याला दिसतं ते आणि मनाला माहीत असतं ते, यांत फरक आहे. मनाला माहीत आहे की तास समांतर आहेत. म्हणून हात समांतरच काढतो. आमच्या गटात पहिल्या दिवशी कागद वाटले आणि सगळ्यांना समोरचं घर काढायला सांगितलं, तेव्हा अकराच्या अकरा जणींनी तेच केलं. घराची पुढची भिंतही पूर्ण, बाजूची भिंतही पूर्ण, वरून माळवदही पूर्ण. एकीनं तर मागचं परसू आणि न्हाणीसुद्धा काढली होती. आम्ही हसलो. पण त्या हसण्यात आमचं थोडं चुकलं होतं. ते कसं, हे शेवटी सांगतो.

आता जरा लांब जाऊ. इटली देशात फ्लॉरेन्स नावाचं शहर आहे. तिथं पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुनेलेस्की नावाचा स्थापत्यकार होऊन गेला. त्यानं तिथल्या एका प्रार्थनामंदिराचं चित्र लाकडी फळीवर काढलं, फळीला एक भोक पाडलं, आणि मागून त्या भोकाला डोळा लावून समोर धरलेल्या आरशात चित्राचं प्रतिबिंब बघायचं, अशी सोय केली. आरसा बाजूला केला की खरी इमारत दिसायची. चित्र आणि इमारत तंतोतंत जुळत होती. पुढं १४३५ मध्ये आल्बेर्ती नावाच्या विद्वानानं याचे नियम ग्रंथात लिहिले. चित्र म्हणजे उघडी खिडकी समजा, असं त्याचं सांगणं. त्यानं एक युक्तीही सांगितली. दोऱ्यांचे चौकोन केलेलं पातळ कापड समोर ताणून धरायचं, त्यातून बघायचं, आणि कुठल्या चौकोनात काय दिसतं ते कागदावरच्या तशाच चौकोनात उतरवायचं.

साधारण त्याच शतकात आपल्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं रयतेसाठी उघडली असं आपण मानतो. तिकडं माणसं डोळ्याला लांबचं कसं दिसतं ते मोजत होती आणि इकडं आपल्याकडं दाण्यादाण्याचा प्रश्न होता. पण त्या दोऱ्यांच्या चौकोनांवरून तुम्हाला काही आठवलं का? आम्हाला आपली ठिपक्यांची रांगोळी आठवली. आधी मोजून ठिपके द्यायचे, मग त्यांच्या आधारानं रेघ ओढायची. मोजमापाची ती अक्कल आपल्या दारात रोज सकाळी होतीच.

फरक एवढाच की रांगोळी आपण वरून बघतो. तिला लांबचं-जवळचं नसतं, क्षितिज नसतं. आपली जुनी चित्रं बरीचशी अशीच आहेत. ठाणे-पालघरकडं वारली समाजात लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहितात. तो लिहायचा मान परंपरेनं सवाशिणींचा. त्या चौकात देवी, झाडं, माणसं, नाच सगळं एकाच भिंतीवर असतं आणि लांबचं माणूस लहान झालेलं नसतं. पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथ्यांतही राम, रावण, रथ सगळे समोर उभे. हे चित्रकार अडाणी होते असं कुणी म्हणेल तर ऐकू नका. त्यांना डोळ्याला दिसतं ते काढायचंच नव्हतं. त्यांना गोष्ट सांगायची होती.

मग ही डोळ्याची विद्या महाराष्ट्रात आली कधी? तिची एक ठळक सुरुवात पुण्यात, पेशव्यांच्या शनिवारवाड्यात दिसते. १७९० च्या दशकात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी होता. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात आला. त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणविसांची चित्रं केली. मॅलेटच्या पुढाकारानं शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली आणि तिथं आपली माणसं पाश्चात्य पद्धतीनं रेखाटायला शिकली. त्यांतलं सगळ्यांत मोठं नाव गंगाराम चिंतामण तांबट. आडनावच तांब्याच्या कामाचं. या गंगारामानं पेशव्यांच्या शिकारखान्यातली जनावरं काढली, पैलवान काढले, वेरूळची लेणी काढली. त्याची बरीच चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुण्याचा कारागीर, वेरूळचं लेणं आणि चित्र अमेरिकेत. आपल्या वस्तूंचा प्रवास कसा होतो बघा. १७९५ साली सवाई माधवराव गेले, त्याच साली वेल्सही गेला. ती चित्रशाळा काही टिकली नाही.

गंगारामासाठी चित्र हे पोटाचं साधन होतं. साहेब लोकांचं तसं नव्हतं. त्यांच्यातले बरेच जण हौस म्हणून चित्रं काढायचे. कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांना तर विलायतेत रेखाटन शिकवूनच पाठवत. त्या काळी फोटो नव्हता. किल्ला कसा आहे, घाट कुठून चढतो, नदीला उतार कुठं, हे कागदावर आणावं लागे. त्यांच्या हातात रंगाची छोटी डबी असायची. पूर्वी रंग स्वतः दगडावर घोटून करावे लागत. १७८० च्या सुमारास लंडनच्या रीव्ह्ज बंधूंनी पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या कोरड्या वड्या काढल्या. वडी ओली केली की रंग तयार. १८४१ मध्ये रॅंड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं रंगासाठी पत्र्याची दाबायची नळी शोधली. आपल्या टूथपेस्टच्या नळीची ती थोरली बहीण. अशा वस्तूंमुळं चित्रकला खोलीतून बाहेर, झाडाखाली आली. मडमा छत्री लावून डोंगराचं, देवळाचं जलरंगात चित्र करायच्या. मुंबईत १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या सभासदांत अशा हौशी युरोपियनांचा भरणा होता.

इथं 'हौस' या शब्दाशी जरा थांबू. हौस करायला काय लागतं? रिकामा वेळ लागतो, हातात चार पैसे लागतात, आणि 'हे कशाला करतेस' असं विचारणारं कुणी नसावं लागतं. चित्राच्या इतिहासात या तीन गोष्टी कुणाकडं होत्या ते बघितलं की बाकीचं आपोआप कळतं.

आता अजिंठ्याची गोष्ट. ही तुमच्यापैकी काहींना 'अजिंठा' सिनेमामुळं माहीत असेल. मेजर रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याला राहून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होता. कित्येक वर्षं त्यानं त्यात घातली. त्याच्या सोबत पारो नावाची तिथलीच एक बाई होती. ती १८५६ साली गेली. अजिंठा गावात तिची समाधी आहे आणि दगडावर तिचं नाव कोरलेलं आहे. गिलच्या नकला लंडनला गेल्या आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला सुरू केल्या. हे काम १८८५ पर्यंत चाललं. त्याही नकला लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ जळाल्या. आपल्याच विद्यार्थ्यांच्या हातची तेरा वर्षांची मेहनत होती ती. जे वाचलं त्यावरून ग्रिफिथ्स यांनी १८९६ साली मोठा ग्रंथ छापला.

आम्ही ही गोष्ट गटात सांगितली तेव्हा एक ताई म्हणाल्या, "म्हणजे भिंतीवरचं झिजलं, कागदावरचं जळालं. तरीबी कुणीतरी काढत ऱ्हायलं." आम्हाला हे फार पटलं. चित्र काढणं म्हणजे जाणाऱ्या वस्तूला धरून ठेवायचा प्रयत्न. तो दर वेळी यशस्वी होतोच असं नाही.

ज्या जे. जे. कलाशाळेचं नाव घेतलं, ती १८५७ साली सुरू झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले होते. त्या काळचे लाख रुपये म्हणजे केवढे, याचा हिशेब तुम्हीच करा. हेतू असा की इथल्या कारागिरांना रेखाटन, नमुने, कोरीव काम शिकवावं. पुढं तिथून मोठमोठे चित्रकार निघाले. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली तिथं शिकायला गेले आणि १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवून आले. साहेबांच्या हौशी मंडळात आपल्या माणसानं बाजी मारली. पुढं ते तिथंच शिकवू लागले आणि एकूण एकेचाळीस वर्षं त्या शाळेत काढली. त्याच नावानं त्यांच्या आठवणींचं पुस्तक आहे. त्यांनी बायका पुष्कळ काढल्या. १९२० साली छापलेल्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकात त्यांची चित्रं आहेत. नाना जातींच्या, नाना प्रांतांच्या, कामाच्या, मिरवायच्या बायका. लुगड्याचा काष्टा कुणाचा कसा, डोईवरचा पदर कसा, हे बघायचं तर ती चित्रं बघावीत.

पण चित्रात बसलेली बाई आणि चित्र काढणारी बाई यांत मोठं अंतर होतं. हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत बायकांना प्रवेश नव्हता. १८६० साली लॉरा हरफर्ड नावाच्या बाईनं युक्ती केली. पूर्ण नाव न लिहिता नुसतं 'एल. हरफर्ड' अशी सही करून चित्रं पाठवली. चित्रं पसंत पडली, प्रवेश मिळाला, आणि मग कळलं की ही बाई आहे! आता नाही कसं म्हणणार? तिच्या मागून बाकीच्यांना वाट झाली. आपल्याकडं धुरंधरांची मुलगी अंबिका धुरंधर १९३१ साली जे. जे.ची पदविका मिळवून बाहेर पडली. अशी पदविका मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या मुलींपैकी ती एक. त्याच काळात मूळच्या गोव्याच्या घरातली अँजेला त्रिंदाद तिथं शिकली. दोघींचे वडील चित्रकार होते, हे लक्षात घ्या. घरात रंग होते, कागद होता आणि 'कशाला' विचारणारं कुणी नव्हतं. ज्यांच्या घरात हे नव्हतं, अशा किती जणींचा हात चूल सारवण्यातच राहिला असेल!

जलरंगाचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. कॅलेंडरवर, हॉटेलात, दवाखान्यात. एक बाई हातात समई धरून उभी आहे, दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे आणि बोटांमधून ज्योतीचा तांबूस उजेड दिसतो. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते आहे सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. त्यात उभी आहे ती त्यांची स्वतःची मुलगी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. आणि ते तैलरंगात नाही, पाण्याच्या रंगात आहे.

हे मुद्दाम सांगायचं कारण असं. तैलरंगात चुकलं तर वाळल्यावर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात तसं नसतं. इथं पांढरा रंग म्हणजे कागद. उजेड हवा तिथं कागद कोरा सोडायचा, आणि हे आधीच ठरवावं लागतं. फिका रंग आधी, गडद नंतर. पहिला हात वाळू द्यायचा, मगच दुसरा द्यायचा. घाई केली की सगळं चिखल होतं. त्या समईच्या चित्रातला उजेड म्हणजे चित्रकारानं राखून ठेवलेला कागद आहे. आमच्या गटातल्या एका मावशीनं हे ऐकून म्हटलं, "हे तर आपल्या बचतीसारखंच झालं. आधी राखायचं ठरवलं तरच राहतं." आम्ही पुढं समजावून सांगायची गरज उरली नाही.

आता साल १९६६-६७. बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. तिथल्या मधुबनी भागात बायका घरच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या चित्रं काढत. हस्तकला मंडळाच्या वतीनं पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी नावाच्या आपल्या मराठी चित्रकाराला तिकडं पाठवलं. ते कागद घेऊन गेले आणि बायकांना म्हणाले, भिंतीवर काढता ते यावर काढा. दुष्काळात त्या कागदांनी घरं तगली. त्यांतल्या जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. याच भास्कर कुलकर्णींनी पुढं आपल्या वारली पाड्यांवरही कागद आणि रंग नेले. तिथून जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर गेलं. आता यातली गंमत बघा. वारली चौक लिहायच्या सवाशिणी, पण कागद आला, पैसा आला, नाव आलं, तेव्हा पुढं दिसले ते जास्त करून पुरुष. मशे थोरच होते, त्यांचा मान त्यांना. पण कागद आणि बाजार आल्यावर बाईचा हात मागं कसा पडतो, हे आपण गटवाल्यांनी ध्यानात ठेवायला हवं. पापडाच्या, मसाल्याच्या धंद्यात हे आपण रोजच बघतो.

म्हणून आम्ही गटात चित्र शिकायचं ठरवलं तेव्हा एक गोष्ट ठरवून टाकली. यातून लगेच कमाई काढायची नाही. हे ठरवणं सोपं नव्हतं. बैठकीला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, यातून उत्पन्न किती? भेटकार्डं करा, पणत्या रंगवा, स्टॉल लावा. सल्ला चुकीचा नव्हता. दुष्काळी तालुक्यातल्या बाईच्या प्रत्येक तासाचा हिशेब मागितला जातो आणि आपणही स्वतःकडं तो मागतो. पण आठवड्यातला एक तास असा असावा की ज्याचा हिशेब कुणाला द्यायचा नाही, एवढीच आमची मागणी होती. साहेबाच्या मडमेला तो मिळाला. आपल्याला का नको?

आमच्या शिकण्यामागं एक खरं निमित्त होतं. गटातल्या एका ताईंचं माळवदाचं जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधायचं ठरलं होतं. मंगळवेढ्यात अशी घरं आता भराभर जातात. पावसाळ्यात गळतं, माळवदावर दर वर्षी माती टाकायला माणूस मिळत नाही, तुळयांना वाळवी लागते. पाडू नका म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. ज्यानं गळक्या घरात रात्र काढली त्यालाच ते कळतं. पण त्या घरात ताईंच्या सासूबाई लग्न होऊन आल्या होत्या आणि आता त्यांचं वय पंच्याऐंशीच्या पुढं होतं. ताईंना वाटलं, पाडायच्या आधी आपल्या हातानं एक चित्र करावं. मोबाईलवर फोटो काढले होतेच. तरी त्या म्हणाल्या, "फोटू काढताना मी घर बघितलंच न्हाई. नुसतं बटन दाबलं."

मग सकाळच्या उन्हात आम्ही सगळ्या त्या घरासमोर सतरंजी टाकून बसलो. साहित्य साधं. शाळेतल्या पोरांच्या कॅमल रंगाच्या डब्या. ही कंपनीही आपल्या दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेली. दोन कुंचले, पाण्याला जुना तांब्या, पुसायला धडपा. गल्लीतली माणसं येऊन उभी राहिली. "काय सर्वे चाललाय का?" असं एकानं विचारलं. बायका रस्त्यावर बसून काहीतरी टक लावून बघतायत, याचीच लोकांना सवय नाही. बाईकडं बघतात, बाईनं बघत बसायचं नसतं! पहिल्या दिवशी दोघी उठून गेल्या. दुसऱ्या आठवड्यात परत आल्या.

रीत अशी. हात सरळ लांब करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि दाराची उंची पेन्सिलीवर अंगठ्यानं मोजायची. मग त्याच मापात भिंत किती दारांएवढी, ते बघायचं. आपल्या डोळ्याच्या पातळीची आडवी रेघ कागदावर आधी मारून घ्यायची. घराचा कोपरा समोर असेल तर त्या रेघेच्या वरच्या कडा लांब जाताना खाली उतरतात आणि खालच्या कडा वर चढतात. दोन्ही त्या रेघेकडंच निघालेल्या असतात. शाळूच्या तासांसारख्या. पहिल्या चित्रात सगळ्यांची घरं कलंडली. चौथ्या-पाचव्या चित्रात उभी राहिली. रंग देताना आमच्याकडच्या उन्हानं पाणी झटक्यात वाळायचं, म्हणून सकाळी नऊच्या आत काम उरकायचं ठरवलं.

ताईंचं चित्र छान झालं. ढाळजेच्या दाराची काळी चौकट, कोनाड्यांची सावली, पांढऱ्या मातीचं माळवद, सगळं जागच्या जागी. त्या ते चित्र घेऊन सासूबाईंकडं गेल्या. आम्हीही बरोबर होतो. म्हातारीनं चित्र डोळ्याजवळ धरलं, लांब धरलं. मग विचारलं, "आगं, माझी चूल कुठं हाय? आन पेव? जातं?"

ताई म्हणाल्या, "आत्या, ते आत हाय. भायेरनं दिसत न्हाई."

"मग घर कसलं काढलं? ही तर नुसती भित्ताडं."

आम्ही गप्प झालो. पहिल्या दिवशी जिनं मागचं परसू आणि न्हाणीसुद्धा काढली होती आणि जिला आम्ही हसलो होतो, ती आमच्याकडं बघत होती.

मैत्रिणींनो, तेव्हा आम्हाला या विद्येचं मर्म कळलं. यथार्थदर्शन खरं आहे, पण ते एका जागेवर उभ्या राहिलेल्या एका डोळ्याचं खरं आहे. तुम्ही कुठं उभ्या आहात, त्यावर काय दिसणार ते ठरतं. रस्त्यावरून घराच्या भिंती दिसतात. त्या घरात साठ वर्षं चुलीपुढं बसलेल्या बाईला दुसरंच घर दिसतं. आपल्या मंगळवेढ्याला तर हे नव्यानं सांगायला नको. ज्या गावचं कुसू बांधताना भिंत कोसळून चोखोबा गेले, ते हे गाव. त्यांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही. बाहेर उभं राहूनच त्यांनी विठ्ठल बघितला. कुणाला कुठं उभं राहायची परवानगी आहे, हा चित्राचाही प्रश्न आहे आणि माणसाचाही.

आपल्या शेजारच्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन जगभर गाजले. त्यांच्या चित्रांत हे लांब-जवळचे नियम तुम्हाला फारसे सापडणार नाहीत. त्यांना गरज वाटली नाही. नियम हे अवजार आहे. खुरपं कामाचं असतं म्हणून आपण खुरप्यानं भाकरी उलटत नाही.

मग आम्ही दुसरा कागद घेतला. या वेळी घराबाहेर बसलो नाही. म्हातारीला मध्ये बसवलं आणि ती सांगेल तसं वरून बघितल्यासारखं, रांगोळीसारखं घर काढत गेलो. ठिपके देऊन खणांची मापं घेतली. इथं चूल, चुलीच्या वर धूर जायला माळवदाला ठेवलेलं भोक, इथं जातं, इथं उखळ, अंगणात तुळस, ढाळजेच्या बाजूला पेव. पेवात किती पोती शाळू राहायचा, पेव उघडल्यावर लगेच आत का उतरायचं नसतं, बाळंतिणीची खोली कुठली, थोरला मुलगा कुठं जन्मला, सगळं ती सांगत गेली. तिच्या सुनेनं यातलं अर्धं पहिल्यांदाच ऐकलं. दोन सकाळी गेल्या. शेवटी म्हातारी म्हणाली, "आता झालं घर."

घर पुढच्या महिन्यात पाडलं. आज तिथं स्लॅब आहे, गळत नाही, सगळे सुखात आहेत. दोन्ही चित्रं एकाच चौकटीत बसवून नव्या भिंतीवर लावली आहेत. एक बाहेरून दिसणारं आणि एक आतून माहीत असलेलं. आम्हाला वाटतं, दोन्ही विद्या आपल्याला यायला हव्यात. इटलीहून शनिवारवाड्यात आणि जे. जे.तून आपल्या शाळेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेपर्यंत आलेली डोळ्याची विद्या, आणि आजीपासून दारात चालत आलेली ठिपक्यांची.

तुमच्या गावात कुणाला सुरुवात करायची असेल तर फार काही लागत नाही. शाळेत चित्रकलेचे सर किंवा बाई असतील तर त्यांना गाठा. पुण्याचे मिलिंद मुळीक यांची जलरंगावरची आणि यथार्थदर्शनावरची पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनानं छापली आहेत. त्यांत चित्रं इतकी आहेत की वाचता कमी आलं तरी बघून शिकता येतं. ते स्वतः शिकले इंजिनिअरिंग, पण हौशीनं त्यांना चित्राकडं नेलं. कागद जरा जाड घ्या, पातळ कागद पाण्यानं फुगतो. चांगला जलरंगाचा कागद कापसाचा असतो. सोलापूरची चादर आणि तो कागद एकाच गोतातले. आणि पहिलं चित्र आपल्याच घराचं काढा. आधी बाहेर बसून, मग आत बसून.

घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना जवळ बसवा आणि काय राहिलं ते विचारा. ते नक्की सांगतील.

एवढं बोलून आम्ही थांबतो. रामराम.